पंपावरची जुनी चित्रं कशी जपावीत?

प्रश्न: अमेरिकी पेट्रोल पंपांवर चिकटवायची काही जुनी, न वापरलेली चित्रं मी जमवली आहेत. टेक्साको या तेल कंपनीचं ‘फायर चीफ’ (हे पेट्रोल १९३२चं) त्यातलं सगळ्यात लाडकं. लॅमिनेट करू का?

उत्तर: कृपया नको! एकदा प्लास्टिक चिकटलं की चित्र धड सुटत नाही. ही चित्रं पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची असतात. मागे पाण्यात विरघळणारा डिंक असतो. म्हणून खरा शत्रू दमट हवा. गठ्ठा करून ठेवलीत तर ती एकमेकांना चिकटतील. प्रत्येक चित्र आम्लरहित कागदासह पॉलिएस्टरच्या (कापड नव्हे, पारदर्शक प्लास्टिक) पाकिटात, सपाट, अंधारात ठेवा. पीव्हीसीची पाकिटं अजिबात नकोत. वळलेलं चित्र जोर लावून सरळ करू नका, रंगाला तडे जातात. भिंतीवर हवंच असेल, तर स्कॅन करून प्रत लावा.