निवृत्तीवेतनाचे जुने कागद स्कॅन करून रद्दीत द्यावेत का?

आपण विचारले आहे की वडील २०१२ साली राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले, त्यांच्या निवृत्तीवेतनाच्या कागदांनी घरातले एक कपाट व्यापले आहे, आता सर्व काही ऑनलाइन असताना ते स्कॅन करून रद्दीत द्यावेत का, आणि यापुढे कार्यालयाशी पत्राऐवजी फोनवर किंवा ईमेलने बोलले तर पुरेसे नाही का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘देऊ नयेत’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर लांबेल, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून आमच्या घरात अनेक वर्षे वाद चालू आहे, आणि मी नागपुरात आस्थापना शाखेत आधी मुख्य लिपिक व नंतर अधीक्षक म्हणून निवृत्तीवेतनाची प्रकरणे हाताळली असल्यामुळे त्या वादात मी तटस्थ नाही.

वाद माझ्या भाऊजींशी आहे. ते १९७९ साली सिरोंच्याला नोकरीस लागले. सिरोंचा त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, कार्यालयांची विभागणी झाली, दप्तर काही इकडे राहिले, काही तिकडे गेले, आणि पुढल्या वर्षी भाऊजींची बदली नागपूरला झाली. दर वर्षी वेतन देयकांवरून सेवा पडताळून तसा शेरा स्वाक्षरीसह सेवापुस्तकात घ्यायचा असतो, तो शेरा त्यांच्या सेवापुस्तकात १९८१ ते १९८३ या काळासाठी नव्हता. ही गोष्ट मी त्यांना ते नोकरीत असतानाच सांगितली होती आणि कार्यालयाला लेखी कळवा असेही म्हटले होते. त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर असे की आस्थापनेवरचा माणूस आपलाच आहे, बोलणे झाले आहे, होऊन जाईल, आणि तुला कागदी घोडे नाचवण्याखेरीज दुसरे काही येत नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तीवेतन) नियम, १९८२ यांत या बाबतीत संदिग्धता नाही. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी, पुढील २४ ते ३० महिन्यांत निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी तयार करायची, निवृत्तीच्या दोन वर्षे आधी कागदपत्रांचे काम हाती घ्यायचे, आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे, म्हणजे निवृत्तीवेतन तपासून त्याचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचे. दोन वर्षांचा अवधी दिला आहे तो अशा त्रुटी शोधून काढण्यासाठीच. भाऊजींच्या कार्यालयाने (त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही) ही दोन वर्षे काहीही न करता घालवली आणि २०१५ मध्ये, निवृत्तीचा निरोप समारंभ तोंडावर आलेला असताना, प्रकरण सिव्हिल लाईन्समधील महालेखापाल (लेखा व अनुज्ञेयता)-२ यांच्या कार्यालयात धाडले. विदर्भ आणि मराठवाड्यातील प्रकरणे तेथेच जातात. अपेक्षेप्रमाणे ते आक्षेपासह परत आले. आक्षेप अगदी योग्य होता, आणि हे मी घरात सर्वांसमोर म्हटल्यामुळे ताई माझ्याशी काही काळ नीट बोलत नव्हती.

तात्पुरते निवृत्तीवेतन मंजूर करण्याचा अधिकार कार्यालयप्रमुखाला असल्यामुळे घर चालण्याइतके पैसे सुरू झाले, पण उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तीवेतनाचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी मिळणारी, रक्कम अडकून पडली. भाऊजी कार्यालयात जात, चहा घेत, साहेबांशी बोलत आणि प्रसन्न चेहऱ्याने परत येत. दरम्यान तो ‘आपला माणूस’ बदलून गेला, त्याच्या जागी आलेल्या लिपिकाला या चहापानाची काहीच कल्पना नव्हती, आणि त्याच्याकडे सोपवलेल्या यादीत भाऊजींनी केलेल्या एकाही विनंतीची नोंद नव्हती, कारण विनंती लेखी केलेलीच नव्हती. नोंद नसलेली गोष्ट कार्यालयाच्या दृष्टीने घडलेली नसते. यात माणुसकीचा अभाव आहे असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही, कारण त्या खुर्चीत मी बसलेलो आहे आणि केवळ तोंडी ऐकलेल्या गोष्टीवर टिपणी मांडली तर तिच्यावर स्वाक्षरी करायला कोणताही अधिकारी धजावत नाही, हे मला ठाऊक आहे.

शेवटी ताईच्या आग्रहावरून प्रकरण माझ्या हातात आले. मी भाऊजींच्या सहीने एक पानी पत्र दिले, दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला, आणि महिनाभर उत्तर न आल्यावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. अर्जात गाऱ्हाणे मांडले नाही. त्या आवक क्रमांकाच्या पत्रावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या आणि संबंधित टिपणीच्या प्रती मागितल्या, एवढेच. उत्तरातून जे कळले ते ऐकून भाऊजीही गप्प झाले. कार्यालयाने १९८१ ते १९८३ ची वेतन देयके पडताळून द्यावीत असे पत्र गडचिरोलीला पाठवले होते, ती देयके मात्र विभागणीच्या वेळी चंद्रपूरलाच राहिली होती, आणि गडचिरोलीहून उत्तर येईपर्यंत प्रकरण सहा गठ्ठे पद्धतीप्रमाणे (कागद त्यांच्या स्थितीनुसार सहा गठ्ठ्यांत लावण्याची कार्यालयीन पद्धत) प्रतीक्षाधीन प्रकरणांच्या गठ्ठ्यात शिस्तीत बांधून ठेवलेले होते. कोणी पैसे मागत नव्हते, कोणी सूड उगवत नव्हते. पत्र चुकीच्या गावी गेले होते आणि स्मरणपत्रे त्याच गावी जात होती.

चंद्रपूरला चौकशी केली तेव्हा त्या काळातील देयके मिळण्याच्या स्थितीत नाहीत असे उत्तर आले. येथे नियम पुन्हा उपयोगी पडतो. मूळ अभिलेखावरून सेवा पडताळता येत नसेल तर कर्मचाऱ्याने आपण त्या काळात सेवा केली असल्याचे लेखी निवेदन द्यायचे, त्यासोबत उपलब्ध पुरावा जोडायचा, आणि कार्यालयप्रमुखाने त्याची खात्री करून ती सेवा ग्राह्य धरायची, अशी तरतूद आहे. पुरावा म्हणजे काय, हे मात्र घरातल्या ट्रंकेवर अवलंबून असते. ताईने लग्नापासूनचे सगळे कागद जपून ठेवले होते. त्यांत भाऊजींचा बदली आदेश होता, बदलीच्या वेळचे अंतिम वेतन प्रमाणपत्र होते, आणि भविष्य निर्वाह निधीची त्या वर्षांची वार्षिक विवरणपत्रे होती. या विवरणपत्रांत वर्गणी दरमहा जमा झालेली दिसते, वर्गणी वेतनातून कापली जाते, आणि विवरणपत्र देतात स्वतः महालेखापालच. ज्या कार्यालयाने सेवेबद्दल शंका घेतली, त्याच कार्यालयाचा जुना कागद त्या सेवेची साक्ष देत होता. तीन जोडपत्रांचे ते पत्र गेल्यावर प्रकरण विनातक्रार मार्गी लागले आणि पीपीओ, म्हणजे निवृत्तीवेतन देण्याचा आदेश, निघाला.

भाऊजी आजही सांगतात की नवे साहेब त्यांच्या मित्राच्या नात्यातले निघाले म्हणून काम झाले. त्याहून मला जाचते ते वेगळेच. उपदान देय झाल्यापासून तीन महिन्यांपेक्षा अधिक विलंब झाला आणि तो प्रशासकीय कारणाने झाला असेल, तर नियम १२९-अ प्रमाणे त्यावर व्याज मिळते, आणि निवृत्तीवेतनाच्या विलंबासाठी १२९-ब मध्ये तशीच तरतूद आहे. मी व्याजाच्या मागणीचा मसुदा करून दिला होता. संबंध बिघडतील म्हणून भाऊजींनी त्यावर सही केली नाही. संबंध कोणाशी, तर ज्यांना त्यांचे नावही लक्षात नव्हते अशा कार्यालयाशी. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा प्रकरणात निवृत्तीवेतन ही कृपा नसून हक्क आहे असे स्पष्ट केले, त्या निकालाची आठवण म्हणून देशभर निवृत्तीवेतनधारक दिन पाळला जातो, त्या दिवसाच्या सभेला भाऊजी दर वर्षी जातात, आणि तरीही त्यांनी हक्काचे व्याज मागितले नाही.

आता आपल्या कपाटाकडे वळतो. पीपीओची प्रत, निवृत्तीवेतन मंजुरीची पत्रे, सेवापुस्तकाची प्रत, कुटुंबाच्या तपशिलाचा नमुना, नामनिर्देशने, प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळची वेतननिश्चितीची विवरणपत्रे आणि त्या वेळी दिलेली हमीपत्रे हे मूळ स्वरूपात ठेवावे, वडील आणि आई दोघेही असेपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ. वेतननिश्चितीचे कागद लोक सर्वांत आधी फेकतात आणि तेच नेमके लागतात. जुनी वेतननिश्चिती चुकली होती असे सांगून निवृत्तीनंतर वसुली काढली जाते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफीक मसीह निकाल निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आणि गट क व ड मधील कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो, मात्र जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिलेले असेल तर २०१६ च्या पुढील निकालामुळे चित्र बदलते. म्हणून हमीपत्र दिले होते की नाही, हे आपल्याला कार्यालयाच्या आधी ठाऊक असले पाहिजे. जुनी परिपत्रके, संघटनेची पत्रके, मागील वर्षांच्या हयातीच्या दाखल्यांच्या पोचपावत्या आणि एकाच कागदाच्या चौथ्या-पाचव्या झेरॉक्स प्रती खुशाल रद्दीत द्याव्यात. कपाट निम्मे रिकामे होईल.

पत्रव्यवहारही जपावा, आणि पत्र योग्य ठिकाणी पाठवावे. महागाई वाढ, हयातीचा दाखला, कपात किंवा खात्यात जमा झालेली रक्कम यासंबंधी कोषागाराला लिहावे. मंजुरीतील चूक, नावातील किंवा जन्मतारखेतील दुरुस्ती यासाठी वडील ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तेथे लिहावे, ते महालेखापालांकडे प्रस्ताव पाठवतात. बँकेच्या व्यवस्थापकाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. एका पत्रात एकच विषय, वर पीपीओ क्रमांक, मागील पत्राचा संदर्भ, आणि प्रतीवर आवक शिक्का. टपालाने पाठवल्यास पोचल्याची नोंद छापून पत्राच्या प्रतीला टाचावी. ईमेल पाठवू नये असे मी म्हणत नाही, पण तो आवक नोंदवहीत चढला की नाही हे आपल्याला समजत नाही, म्हणून ईमेल हा पत्राचा सोबती समजावा. २००५ च्या विलंब प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे नस्ती (फाईल) एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये, पण हे सात दिवस मोजायचे तर सुरुवातीची तारीख आपल्या हातात असायला हवी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर करायचा असतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की पुरे.

स्कॅन मात्र अवश्य करावे, कारण कागद अमर नसतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातील अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा ज्यांची दप्तरे कपाटाच्या खालच्या खणात होती त्यांच्या हाती लगदा आला. वाळवी त्याहून सावकाश काम करते, पण करते. स्कॅन प्रत ही मूळ कागद हरवल्यावर त्याचा क्रमांक आणि तारीख सांगण्यासाठी असते, आणि क्रमांक व तारीख असेल तर दुसरी प्रत मागता येते.

आणखी दोन गोष्टी. वर जे लिहिले ते राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू आहे. वडील जिल्हा परिषदेचे कर्मचारी असतील तर मंजुरी जिल्हा परिषदेतच होते, महालेखापालांचा संबंध येत नाही, आणि १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी योजनाच निराळी आहे. वडील २०१२ मध्ये निवृत्त झाले आहेत, म्हणजे त्यांनी त्या वेळी अंशराशीकरण घेतले असल्यास कपात सुरू झाल्यापासून १५ वर्षांनी, २०२७ च्या सुमारास, पूर्ण निवृत्तीवेतन पूर्ववत व्हायला हवे. त्यासाठी अंशराशीकरणाच्या आदेशाची तारीख आताच शोधून ठेवावी आणि वेळ आल्यावर कपात थांबली की नाही हे पाहावे.

त्याच बैठकीत पीपीओवर आईचे नाव आणि जन्मतारीख तपासावी, आधार कार्डाशी अक्षरशः जुळवून, कारण कुटुंब निवृत्तीवेतन त्या नावाने सुरू होणार आहे आणि वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणारी वाढ त्या तारखेवरून मोजली जाणार आहे. फरक आढळला तर दुरुस्ती वडील हयात असताना करावी, आणि पत्र वडिलांच्या सहीने द्यावे. आपल्या सहीने दिलेले पत्र कार्यालय परत करील, आणि ते योग्यच करील.