घरच्या स्विमिंग पूलचा डेक जुनाट दिसतोय, लूक बदलायचा आहे. कोणत्या रंगाची फरशी घ्यावी? दगड बरा की लाकूड?

रंगाचं नंतर बघू. आधी पूलच्या काठावर जा आणि कोपिंगचा, म्हणजे पूलच्या कडेवर बसवलेला दगड जिथे संपतो व डेकची फरशी जिथे सुरू होते, तिथे बोटाने दाबून बघा. दबणारा, लवचीक सांधा हाताला लागला तर ठीक. सिमेंट किंवा ग्राउटने तो कडक भरलेला असेल, तर कुठलीही फरशी निवडा, काठ फुटणार आहे.

फरशीकाम हा माझा धंदा आहे आणि याच सांध्यावरून माझं आणि माझ्या दाजींचं अजून मिटलेलं नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

ताईच्या घरच्या पूलचा डेक बदलायचा होता. दाजींना घराच्या जोत्यापासून थेट पाण्यापर्यंत एकसंध मजला हवा होता. मोठ्या, गडद करड्या फरश्या आणि मधे कुठेही पट्टी नको. डिझायनरने दिलेल्या चित्रात पट्टी नव्हती, म्हणून प्रत्यक्षातही नको. मी माप घ्यायला गेलो तेव्हाच सांगितलं, "दाजी, कोपिंगच्या मागे १२ मिलिमीटरचा सांधा सोडावाच लागेल. नुसता फरशीत नाही, खालच्या काँक्रीटच्या पूर्ण जाडीतून. आत फोमची दोरी आणि वर पॉलियुरेथेन सिलंट. रंग फरशीला जुळवून देतो." ते म्हणाले, "तुम्हा लोकांना काम वाढवायची सवयच असते." काम दुसऱ्या ठेकेदाराला गेलं. त्याने सांधा ग्राउटने गच्च भरून दिला. दिसायला काम देखणं झालं होतं, ते मी तेव्हाही म्हणालो होतो.

पुढचा उन्हाळा लागला आणि पाण्याच्या रेषेवरच्या छोट्या टाइल्स सुटून तळाशी पडायला लागल्या. ताईने मला बोलावलं. मी पाण्यात उतरून काठ तपासला. कोपिंगच्या बरोबर खाली आडवी चीर गेली होती, नख शिरेल एवढी. थापीच्या दांड्याने ठोकत गेलो तर लांब बाजूचे बहुतेक दगड पोकळ वाजत होते. मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून धरली. मधले दगड दोरीच्या पुढे, पाण्याच्या बाजूला सरकलेले. दोरीपुढे वाद कसला घालायचा?

पण वाद झालाच. ठेकेदार म्हणाला भराव खचलाय, आणि दाजी आजही तेच सांगतात. भराव खचला असता तर डेक खाली बसला असता, कोपिंगपाशी पायरी तयार झाली असती आणि सांधा उघडला असता. इथे डेक जागच्या जागी, पायरी नाही आणि सांध्यातल्या ग्राउटचा दाबून चुरा झालेला. नुकसानही फक्त दुपारभर ऊन खाणाऱ्या बाजूला. सावलीतली बाजू धडधाकट. जमीन काय ऊन बघून खचते?

हिशेब अगदी सरळ आहे. काँक्रीट १ अंश तापलं की मीटरमागे साधारण ०.०१ मिलिमीटर वाढतं. डेक १० मीटर रुंद असेल आणि पहाटेपासून दुपारपर्यंत ३० अंशांनी तापला, तर ३ मिलिमीटर. मागे घराचं जोतं हलत नाही, मग ते ३ मिलिमीटर पूलच्याच दिशेने येणार. पूलचं भांडं पाण्यामुळे थंड राहतं आणि स्वतःच्या पायावर बसलेलं असतं. डेक भरावावर, उन्हात. दोघं वेगवेगळं हलतात, म्हणून मधे मऊ सांधा. फरशी गडद घेतली की ती जास्त तापते आणि रेटाही वाढतो.

यातून तुमच्या रंगाचं उत्तर निघतंच. फिकट घ्या. वाळूचा रंग, फिका करडा, मळकट पांढरा. भर दुपारी काळ्या दगडावर अनवाणी पाय ठेवून बघा, मग कॅटलॉग उघडा.

पॉलिश केलेली फरशी पूलजवळ आणूच नका, मग ती कुणीही सुचवो. दुकानदार फरशी किती घसरते ते सांगणारा 'आर ११' वगैरे आकडा दाखवेल. ती चाचणी बूट घालून होते. ओल्या, अनवाणी पायांसाठी ए, बी, सी असे वेगळे वर्ग आहेत. डेकला निदान बी आणि पायऱ्यांना सी मागा. ढाळ पाण्याकडे नाही, पाण्यापासून दूर, मीटरला १ ते २ सेंटिमीटर, आणि शेवटी जाळीची नाली. जुन्या फरशीवर नवी चिकटवायची असेल तर आधी सगळी ठोकून बघा. जिथे पोकळ वाजेल तिथे उखडायलाच हवी, आणि वाढलेल्या जाडीने हा ढाळ बिघडत नाही ना, तेही तपासा.

दगड हवा असेल तर फ्लेम फिनिश (ज्वालेने खरखरीत केलेलं) ग्रॅनाइट किंवा २० मिलिमीटर जाडीचं पोर्सिलेन. ट्रॅव्हर्टाइन पायाला छान लागतं, पण त्यावर ॲसिड सांडलं की डाग कायमचा. मिठाच्या पाण्याचा पूल असेल तर मऊ वालुकाश्म नकोच, त्याचे पापुद्रे सुटतात. लाकडाचं मी फार केलेलं नाही. खालून हवा खेळायला हवी आणि स्क्रू स्टेनलेसचे हवेत, एवढं नक्की.

नुसता लूकच बदलायचा असेल तर पाण्याच्या रेषेवरची टाइल आणि आतला लेप बदलूनही पूल नवा वाटतो. पांढऱ्या लेपाने पाणी फिकं निळं दिसतं, करड्याने गडद निळं. फार काळपट लेप मी देत नाही. तळाशी कुणी असेल तर लवकर दिसत नाही.

कोटेशनमध्ये सांध्याची वेगळी ओळ लिहून घ्या: रुंदी, खोली, सिलंट. घरातलं कुणी, कितीही मोठं असो, "ती पट्टी नको" म्हणालं, तर त्यांना वरचा ३ मिलिमीटरचा हिशेब दाखवा. काम झाल्यावर भांडून काठ जोडला जात नाही, ताईच्या घरी हेच चाललंय.

दोन गोष्टी राहिल्या. टाइलसाठी पूल पूर्ण रिकामा करू नका, पाणी रेषेखाली उतरवलं की पुरे. जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामं भांडं चक्क वर उचललं जातं. आणि डेक फोडताना शिडीला, सळयांना जोडलेली तांब्याची तार सापडेल, ती विजेचा धक्का बसू नये म्हणून असते. ती तुटली तर इलेक्ट्रिशियनकडून पुन्हा जोडून आणि तपासून घेतल्याशिवाय कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. हे सगळं काँक्रीटच्या पूलबद्दल आहे. फायबरग्लासचं कोपिंग वेगळ्या पद्धतीने धरलेलं असतं, तिथे बनवणाऱ्याकडून रेखाचित्र मागवून सांधा कुठे येतो ते बघा.