कोलोनचं २ युरोचं नाणं घेताना

व्हॅटिकनचं २००५चं, जर्मनीतल्या कोलोन शहरात भरलेल्या जागतिक युवा दिनाचं (कॅथलिक तरुणांच्या मेळाव्याचं) नाणं घ्यायचंय ना? कोलोनचं कॅथेड्रल आणि वर धूमकेतू, हीच त्याची खूण. निघाली फक्त १ लाख, त्यामुळे नकलाही फिरतात. आधी वजन करा: ८.५ ग्रॅम. व्यास २५.७५ मिमी. मग लोहचुंबक लावा. पिवळा मधला भाग हलकेच ओढला जातो, पांढरी कडा अजिबात नाही. अख्खं नाणं टपकन चिकटलं, तर सोडून द्या.

मूळ फोल्डरसकटच (ज्या छापील वेष्टनात ते विकलं गेलं त्यासकट) घ्या, सुट्ट्याला भाव कमी. चकाकवायला चिंच, ब्रासो तर लांबच. कापडानेही पुसू नका, बारीक ओरखडे उठतात आणि ते जात नाहीत. पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात हिरवा चिकट थर धरतो, आपल्या दमट पावसाळ्यात तर विशेष. सुटं असेल तर २६ मिमीची कॅप्सूल (नाण्याची गोल, कडक प्लास्टिकची डबी) वापरा.