निन्टेन्डो डीएससाठी पहिलं फ्लॅशकार्ट (मेमरी कार्डावरचे गेम चालवणारं कार्ट्रिज) घेतलंस ना, मग आधी हे बघ

अरे मस्त, पण घाई नको. निम्मे लोक कार्टला शिव्या घालतात आणि दोष निघतो मेमरी कार्डाचा, म्हणून चांगलं मायक्रोएसडी घे, कॉम्प्युटरवर पूर्ण तपास, मग फॅट३२ (कार्डावर फाइल्स ठेवायची पद्धत) मध्ये ३२ केबी क्लस्टर (जागेचा एक तुकडा) ठेवून फॉरमॅट कर.

दुसरं म्हणजे कर्नल, म्हणजे कार्टचा मेनू चालवणारं सॉफ्टवेअर. आर४ या मूळ फ्लॅशकार्टच्या नावाची ढीगभर क्लोन (नकला) आहेत, स्टिकरवरची वेबसाइट नीट वाच आणि त्याच कार्टचा कर्नल टाक, फाइल्स थेट रूटमध्ये, म्हणजे कार्डाच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, फोल्डरात फोल्डर नको (मी तेच केलं होतं, दोन तास नुसता स्क्रीनवरचा 'मेनू?' हा एरर बघत बसलो!). काही क्लोनमध्ये टाइमबॉम्ब असतो, तारीख उलटली की मेनूच उघडत नाही.

सेव्हचा बॅकअप घेत जा. चीट, स्किन वगैरे नंतर, आधी एखादा छोटा होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेला प्रोग्रॅम) चालवून दाखव.