गोळ्या बंद केल्यावर केस गळतायत, पुन्हा सुरू करू का?

दोन वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, चेहरा नितळ होता; बंद करून तीन महिने झाले आणि आता केस मूठमूठ गळतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण याच रस्त्याने गेलेय. मला पीसीओडीसाठी (अंडाशयाशी जोडलेला संप्रेरकांचा बिघाड) ड्रोस्पिरेनोन या संप्रेरकाची गर्भनिरोधक गोळी दिली होती. बंद केल्यावर मोरीच्या जाळीत रोज केसांचा गुंता. आईने बोअरच्या पाण्यावर खापर फोडलं, मी तीन शाम्पू बदलले. त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

केसांचं घड्याळ तेवढं मागे चालतं. गोळी चालू असताना बरेच केस वाढीच्या टप्प्यात टिकून राहतात. ती थांबली की ते एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात, बाळंतपणानंतर गळतात तसेच. मुळं शाबूत असतात.

चेहऱ्याचं कारण वेगळं. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवतं, ते रक्तातल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाला धरून ठेवतं. मग त्वचेचं तेल आणि मुरूम दोन्ही कमी होतात. गोळी सुटली की मुरूम परत येऊ शकतात, माझे आलेच. सगळ्याच गोळ्या त्वचेला सारख्या नसतात हेही खरं. माला-डी या गर्भनिरोधक गोळीतलं लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक थोडं पुरुषी संप्रेरकासारखं वागतं, म्हणून मैत्रिणीची गोळी आपल्याला चालेलच असं नाही.

माला-डीच्या पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, माहीत होतं? गोळी सुटल्यावर रक्तस्राव पुन्हा वाढू शकतो आणि लोह उतरतं. लोह कमी पडलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी केस गळतात, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्या. माझं फेरिटिन तळाला गेलं होतं.

निव्वळ केसांसाठी गोळी पुन्हा सुरू करू नका, असं माझं मत. पुन्हा बंद कराल तेव्हा पुन्हा हेच. घ्यायचीच असेल तर डोळ्यांपुढे झगमग येऊन अर्धशिशी उठते का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे डॉक्टरांना आधी सांगा. आणि केस सगळीकडून न गळता फक्त भांग रुंदावत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

माझी गळती सहाव्या महिन्यात थांबली. भांगेजवळ बारीक केस उभे राहिले, वेणीत मावेनात. गोळ्या घेत असताना उन्हात स्कूटर चालवून ओठांवर आलेला वांग, म्हणजे काळसर डाग, मात्र अजून आहे, फिकट.