डॉल्फिनसोबत पोहायचं का?

प्रश्न: ताई, दुबईच्या टूरमधी डॉल्फिनसोबत पोहायचं पॅकेज हाय, लेकरं हट्टाला पेटलीत. डॉल्फिन तर हसतंच की, मग बिघडलं काय?
– एक वाचक, परभणी

उत्तर: ते हसणं नाही हो दादा, जबड्याची ठेवणच तशी, आजारी असला तरी चेहरा तोच. समुद्रात हा कळपानं राहतो, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो अन् तिथं टाकीच्या भिंती अन् दिवसभर फोटोवाले. आपल्या सरकारनं २०१३ मध्येच डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन टाकीत ठेवून खेळ दाखवायच्या जागेला, परवानगी नाकारली, मग तेच तिकडं पैसे देऊन करायचं? मला तरी पटत नाही. लेकरांना तारकर्लीला न्या, परभणीहून लांब पडतं खरं, पण हिवाळ्यात सकाळी बोटीतून दिसतात, फक्त बोटवाल्याला म्हणावं पाठलाग करू नको, अन् नाहीच दिसले तर मासे खाऊन या.