सही पुतण्याची की सचिवाची?

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात मी दूध संस्थेचा सचिव आहे. वडील लवकर गेले, चुलत्यांनी शिकवलं आणि नोकरीलाही त्यांनीच लावलं. तेच चेअरमन. गेलं वर्षभर त्यांच्या खात्यावरच्या म्हशीच्या दुधाला मशीनवर ५.८ फॅट लागली (फॅटवरच दुधाचा दर ठरतो), तरी त्यांच्या सांगण्यावरून मी रजिस्टरला ७.१ लिहिली. फॅट काढणाऱ्या पोराने त्यांच्या तोंडावर नकार दिला, तर त्याला कामावरून काढलं. आता तो पारावर बसून ‘चुलत्या-पुतण्यानं संस्था खाल्ली’ म्हणतो. ऑडिट तोंडावर आहे. चुलते म्हणतात, घरचं घरात ठेव, सही कर. मी अडकेन का? त्या पोरावर अब्रूनुकसानीचा दावा करू का?

उत्तर : आधी दाव्याचं, कारण ते सोपं आहे. करू नका. अब्रूनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते, पण लोकहितासाठी केलेलं खरं विधान त्यात बसत नाही. तो पोरगा जे बोलतोय त्यातलं बरंचसं तुम्ही स्वतःच मला लिहून कळवलंय. केस उभी राहिली की त्याचा वकील पहिल्यांदा फॅटचं रजिस्टरच मागवेल.

आता अडकण्याचं. हो, अडकू शकता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या ‘अधिकारी’ या व्याख्येत चेअरमनसोबत सचिवही आहे. म्हणून कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली, तर ती तुमच्यावरही बसू शकते. हे झालं पैशाचं. कारकून किंवा नोकराने फसवण्याच्या हेतूने हिशेबाची पुस्तकं खोटी केली, तर न्याय संहितेच्या कलम ३४४ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १ जुलै २०२४ आधीच्या नोंदी असतील तर त्यांना जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४७७-अ. तुमच्या खिशात पैसा गेला नसेल, हे मी मानतो. हेतूवर कोर्टात भांडताही येईल. पण अक्षर तुमचं आहे, आणि ‘चुलत्यांनी सांगितलं’ एवढ्यावर सुटका होत नाही.

अशा प्रकरणांत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. चौकशी लागेपर्यंत घर एक असतं. नोटीस आली की चेअरमन वेगळा वकील लावतात आणि लेखी म्हणणं देतात : नोंदी सचिव ठेवतो, मला त्यातलं काही कळत नाही. तुमचे चुलते तसं करतील असं मी म्हणत नाही. पण त्यांचा वकील त्यांना तेच सुचवेल. मीही सुचवलं असतं.

रजिस्टरला आता हात लावू नका. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, पान बदलणं तर नाहीच. मशीनच्या छापील पावत्या थर्मल कागदावरच्या असतील, तर त्यांची अक्षरं उडत जातात. पाहिलंत तर जुन्या पावत्या आत्ताच फिक्या झालेल्या दिसतील. आजच झेरॉक्स काढा. मूळ कागद संस्थेतच राहू द्या, दप्तर घरी नेलंत तर तो वेगळाच आरोप होईल.

मग चेअरमन आणि संचालक मंडळाच्या नावे पत्र लिहा : तारीख, खाते नंबर, मशीनची फॅट, लिहिलेली फॅट, फरकाची रक्कम. तो फरक त्या खात्याच्या बिलातून कापून घ्यावा, अशी मागणी करा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवा. ऑडिटर आला की एक प्रत त्याच्या हातात द्या. मंडळ हललं नाही तर दुग्ध विभागाचे सहायक निबंधक आहेत. पैसे भरल्याने गुन्हा पुसला जात नाही, पण हेतूबद्दल ते बरंच बोलतं. हे लवकर करा. विरोधी गटाने एक पंचमांश सभासदांच्या सह्या जमवल्या, तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ खाली चौकशीचा अर्ज होतो. तुमच्या पत्रावरची तारीख त्याच्या आधीची हवी. राजीनाम्याचं मनात असेल तर तो नंतर बघू, त्याने मागच्या सह्या मिटत नाहीत.

पत्र देण्याआधी चुलत्यांना घरी वाचून दाखवा. ते पोस्टमनकडून कळावं, एवढं परकं त्यांना करू नका.

पत्रात आणखी एक विषय घाला : त्या पोराला कामावरून काढल्याचा फेरविचार. त्याला भेटून पढवायला मात्र जाऊ नका. फॅट वाढवून लिहायला चेअरमननी सांगितलं, हे तुमच्याशिवाय त्यानेच ऐकलंय, आणि तुम्ही त्याच्यावरच दावा लावायला निघाला होतात.